दुसरे ऊन : बीड जिल्ह्यातील मिरचीचे वाळवण

बीड जिल्ह्यात चैत्र-वैशाखात वर्षाच्या तिखटासाठी होणारे मिरचीचे वाळवण हे वस्तुतः दुसरे वाळवण असते. कारण पिकलेल्या ओल्या मिरचीत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते आणि ते पाणी नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे मिरची पसरण्यासाठी राखलेल्या मोकळ्या मैदानांवर, किंवा गुंटूरच्या परिसरात आधीच उडून गेलेले असते. परंतु सुकी मिरची साठवणीत हवेतला ओलावा पुन्हा धरते, तो राहिला तर बुरशी येते आणि कांडताना मिरची कुटली न जाता चामट होते, म्हणून अंगणात वा गच्चीवर जुन्या लुगड्यावर तिला दोन-तीन कडक उन्हे दाखवतात. याहून अधिक ऊन मात्र अपायकारक ठरते, कारण लाल रंग देणारी द्रव्ये प्रकाशाने विटतात. कुठे थांबायचे हे बोटेच सांगतात. मिरची हलवली की बी खुळखुळले पाहिजे आणि दुमडली की ती कडकन मोडली पाहिजे. मोडलेल्या मिरचीत करडी बुरशी दिसली, तर ती रंगाने कितीही देखणी असली तरी बाजूला काढतात.

निवडीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी गुंटूर किंवा लवंगी असा मेळ घातला जातो. स्पेनमध्ये मात्र वाळवणाच्याच दोन रीती असून मुर्सियातील गोल, सौम्य ‘न्योरा’ मिरची उन्हात वाळते, तर एक्स्त्रेमादुरातील ला व्हेरा खोऱ्यात शरदातल्या पावसामुळे ऊन पुरेसे मिळत नसल्याने मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे सुकवतात. अमेरिकेतून आलेल्या या फळाला दोन्ही भाषांनी जुन्या ओळखीचे नाव दिले, हे विशेष लक्षणीय आहे : स्पॅनिशमध्ये मिरीला ‘पिमिएन्ता’ म्हणतात, त्यावरून ‘पिमिएन्तो’ झाले आणि मराठीत मिरीवरूनच मिरची.

पर्जन्यछायेतल्या बीडला वाळवणासाठी धुराची गरज पडत नाही. येथे विस्तव येतो तो वाळवणानंतर. देठ खुडलेली मिरची थोड्या तेलावर परतून, भाजलेले धने, खोबरे व दगडफूल यांच्यासह डंकावर, म्हणजे यंत्राच्या मुसळांखाली, कांडली की काळे तिखट तयार होते. ते पूर्ण निवल्यावर हिंगाचे खडे घालून बरणीत दाबून भरतात आणि तोंडाला फडके बांधतात.