शि. द. फडणीस यांच्या प्रारंभीच्या रेखाटनशैलीची जडणघडण

मराठी हास्यचित्रकलेत शब्दाविना विनोद रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने शि. द. फडणीस यांच्याकडे जाते. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे 29 जुलै 1925 रोजी त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरातील शिक्षणानंतर त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत उपयोजित कलेचा अभ्यास केला. त्यांचे पहिले व्यंगचित्र मात्र विद्यार्थिदशेतच, 1945 मध्ये, ‘मनोहर’ मासिकात प्रसिद्ध झाले होते.

त्या काळी हास्यचित्र म्हणजे बहुधा खाली छापलेल्या संवादाचे सचित्र रूप असे. विनोद वाक्यात असायचा. चित्र केवळ पात्रे दाखवी. ती ओळ झाकली, तर पुष्कळ चित्रे मुकी होत. फडणीसांच्या चित्रांतून ही ओळ हळूहळू गळत गेली, हा त्यांच्या शैलीतील खरा बदल होय.

याचे एक कारण उपयोजित कलेच्या शिस्तीत शोधता येते. भित्तिचित्राला रस्त्यावरून जाणाऱ्याशी क्षणात बोलावे लागते. तेथे लांबण चालत नाही. दुसरे कारण छपाईचे. ठोकळ्यांवरील रंगीत छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठोकळा लागे. अशा वेळी ठाम बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट, स्वच्छ रंग ही पद्धत सोयीची ठरे. फडणीसांनी या सोयीचे सौंदर्यात रूपांतर केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना मुखपृष्ठासाठी हास्यचित्रे काढावयास लावले. मुखपृष्ठावर सुंदर स्त्रीचे चित्र असावे, हा तेव्हाचा रूढ संकेत. तेथे विनोदाला स्थान देणे हे संपादकाचेही धाडसच. 1952 च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकावरील चित्रात एक तरुण व एक तरुणी दिसतात. एकाच्या वस्त्रावर मांजरांची, तर दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची नक्षी आहे. माणसे संयमाने वागत असली, तरी कापडावरील प्राण्यांना तो संयम नाही! येथे नक्षी ही सजावट राहत नाही, तीच कथानक बनते. चित्रकथेला जे सांगण्यास अनेक चौकटी लागतील, ते एका चौकटीत मावते.

या शैलीला केवळ शोभिवंत म्हणणारे एक गोष्ट विसरतात. तपशील वगळण्यासाठी रेखाटनावर पक्की पकड लागते. चुकलेली रेषा लपविण्यास येथे छायाप्रकाशाचा आडोसा नसतो. पुढे ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन मराठी न वाचणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतील त्यांच्या चित्रांनी आकड्यांची भीती बाळगणाऱ्या मुलांना हसविले.