बेदाण्याच्या डबीवरचा सांगाडा

कॅलिफोर्नियाच्या सन-मेड बेदाण्यांची लाल डबी आपल्याकडेही अनेकांनी पाहिली असेल. लाल टोपडं घातलेली, हातात द्राक्षांची परडी धरलेली हसरी मुलगी, मागे पिवळा सूर्य. १९८२ साली एस्टर हर्नांडेझ या चित्रकर्तीनं तीच डबी पुन्हा काढली. टोपडं तेच, परडी तीच, सूर्यही तोच. मुलीच्या जागी मात्र सांगाडा आणि नाव 'सन मॅड'. खाली ठळक अक्षरांत कीटकनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं यांची यादी. हर्नांडेझ सॅन वाकिन खोऱ्यातल्या दिनुबा गावच्या, शेतमजुरांच्या घरातल्या. द्राक्षमळ्यांवरच्या फवारण्यांनी आपल्या भागातलं पाणी दूषित झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी ही स्क्रीनप्रिंट केली.

आज हे चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमसारख्या मोठ्या संस्थेत आहे. पण त्याच काळात, त्याच तळमळीनं छापलेली हजारो चित्रं वर्षानुवर्षं कुणाच्या तरी घरात गुंडाळून पडली होती. ती आता अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संग्रहालयांत पोहोचत आहेत. पेटी उघडून त्यांची पहिली नोंद करणारा माणूस बहुतेकदा नुकताच नोकरीला लागलेला असतो: क्युरेटोरियल असिस्टंट किंवा फेलो. विशी-तिशीतली ही मुलं-मुली करत असलेल्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्या वाचकांना त्याची फारशी माहिती नसते, म्हणून हा लेख.

मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, मध्य व दक्षिण अमेरिका इथं मुळं असलेल्या आणि अमेरिकेत जन्मलेल्या किंवा वाढलेल्या कलावंतांची कला म्हणजे लॅटिनेक्स कला. संग्रहालयांत तिची कायम अडचण झाली. 'अमेरिकन कला' विभागाला ती परकी वाटे. 'लॅटिन अमेरिकन कला' विभागाचं लक्ष ब्वेनोस आयरेस, साओ पावलो, मेक्सिको सिटी या शहरांकडे असे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातला चित्रकार दोन्ही याद्यांतून सुटे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं ब्लँटन संग्रहालय यासाठी उदाहरण म्हणून पाहण्यासारखं आहे. लॅटिन अमेरिकन कलेसाठी तिथं १९८८ मध्येच, अमेरिकेत सर्वांत आधी, स्वतंत्र क्युरेटरपद निर्माण झालं. देशातल्याच लॅटिनो कलेसाठी वेगळं पद यायला मात्र २०२२ साल उजाडलं. त्याच सुमारास समाजशास्त्राचे प्राध्यापक गिल्बेर्तो कार्देनास आणि डोलोरेस गार्सिया यांचा पाच हजारांहून अधिक कलाकृतींचा संग्रह ब्लँटनकडे आला.

या उपेक्षेला कलावंतांनी फार आधी उत्तर दिलं होतं. १९७२ मध्ये हॅरी गंबोआ यांनी लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टमधल्या एका क्युरेटरला विचारलं, तुमच्याकडे चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची, कला का नाही? गंबोआ सांगतात त्याप्रमाणे उत्तर असं मिळालं की ही माणसं लोककला करतात किंवा टोळ्यांत जातात, ललित कला काही करत नाहीत. त्याच रात्री गंबोआ, ग्रॉंक आणि विली हेरॉन यांनी संग्रहालयाच्या प्रवेशाजवळ स्प्रेनं आपली नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गंबोआंनी काढलेल्या फोटोत त्या नावांशेजारी पात्सी वाल्देस उभ्या आहेत. त्याही या तिघांच्याच 'आस्को' या कलावंत गटातल्या; पण त्यांचं नाव भिंतीवर नाही. ही नावं लवकरच पुसली गेली. पुढे २०११ मध्ये 'आस्को'चं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन त्याच संग्रहालयानं भरवलं आणि त्यात भागीदार होतं विल्यम्स कॉलेजचं संग्रहालय. त्याआधी, १९९० मध्ये, चिकानो कलेचं पहिलं भव्य फिरतं राष्ट्रीय प्रदर्शनही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या वाइट आर्ट गॅलरीतूनच निघालं होतं. शहरातल्या बड्या संस्था मागे राहिल्या तेव्हा विद्यापीठं पुढे आली, याचं कारण सरळ आहे. तिथं या विषयावर शिकवणारे प्राध्यापक होते, कागदपत्रांचे संग्रह होते आणि प्रश्न विचारणारे विद्यार्थी होते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा, सत्तरच्या दशकातलं शेतमजूर संपाचं पोस्टर टेबलावर आहे. चार कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं, मधोमध घडी, मागे पिवळी पडलेली चिकटपट्टी. त्याचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे सद्यस्थितीचा अहवाल, लिहायचा. नेहमीच्या पद्धतीनं पाहिलं तर हे सगळे दोष. पण ही भोकं म्हणजे पोस्टर खरोखर भिंतीवर लागलं होतं, याचा पुरावा. ते स्वच्छ करून नव्यासारखं करायचं की तसंच ठेवायचं, हे संवर्धकाशी बोलून ठरवावं लागतं. आणि त्या चर्चेत संपाचा इतिहास माहीत असलेला माणूस हवाच. मग प्रश्न कर्त्याचा. सॅक्रामेंटोच्या 'रॉयल चिकानो एअर फोर्स'सारखे गट सामूहिकपणे काम करत, त्यामुळे पोस्टरवर व्यक्तीची सही असेलच असं नाही. रेखाटन कुणाचं, छपाई कुणाची, हे हयात असलेल्यांना फोन करून विचारायचं. सांता बार्बराच्या विद्यापीठात अशा गटांची कागदपत्रं जपली आहेत, ती चाळायची. शिवाय संगणकातल्या नोंदीत स्पॅनिश नावांवरची चिन्हं गळालेली असतात, एकाच कलावंताची दोन-तीन नावं झालेली असतात. ती एकेक करून दुरुस्त करायची. कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड चालत नाही. काही महिने भिंतीवर राहिलं की चित्र पुन्हा दीर्घकाळ अंधारात. म्हणून कुठलं कधी लावायचं, याचं वेळापत्रकही करायचं.

मांडणशिल्पांत तर कसोटीच लागते. अमालिया मेसा-बेन्स यांनी मृतांच्या स्मरणासाठी घरोघरी मांडल्या जाणाऱ्या वेदीला कलाकृतीचं रूप दिलं. अभिनेत्री डोलोरेस देल रियो यांच्यासाठी त्यांनी १९८४ मध्ये रचलेल्या आणि १९९१ मध्ये पुन्हा मांडलेल्या वेदीत आरसे, कापड, फ्रेम केलेले फोटो, सुकी फुलं, चमकी असं सगळं आहे. फुलं झडली तर बदलायची का? कोणती वस्तू कुठे, कोणत्या कोनात? हे कलावंताला विचारून लिहून ठेवायला हवं, आणि वेळेत. मेसा-बेन्स यांचं पहिलं सिंहावलोकनी प्रदर्शन बर्कलेच्या विद्यापीठ संग्रहालयात २०२३ मध्ये झालं, तेव्हा त्या ऐंशीला आल्या होत्या. चित्रकर्ती योलांडा लोपेझ यांना तर तेवढाही अवधी मिळाला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या गेल्या. संग्रहालयातलं त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन सॅन डिएगोत पुढच्या महिन्यात उघडलं. ही गोष्ट माझ्या मनाला अतिशय लागते.

मनुष्यबळाचं चित्रही विषम आहे. मेलन फाउंडेशननं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलासंग्रहालयांच्या पाहणीत क्युरेटर, संवर्धक, शिक्षणाधिकारी आणि प्रमुख या पदांवर ८४ टक्के गोरे होते, हिस्पॅनिक अवघे ३ टक्के. २०२० च्या जनगणनेत हाच समाज देशाच्या सुमारे १९ टक्के होता. २०२३ मध्ये मेलन, फोर्ड, गेटी आणि टेरा या चार संस्थांनी मिळून दहा संग्रहालयांना प्रत्येकी पाच लाख डॉलर दिले, ते लॅटिनेक्स कलेची क्युरेटरपदं उभी करण्यासाठी. हे योग्य पाऊल आहे. तरीही उमेदवारीच्या काळातली असंख्य माणसं आजही ठरावीक मुदतीच्या फेलोशिपवर काम करतात. मुदत संपली की कलावंतांच्या घरच्यांशी जोडलेली ओळख, फोनवर ऐकलेल्या हकिकती त्यांच्याबरोबर जातात. नवीन माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पाच हजार चित्रांचा संग्रह घेणाऱ्या विद्यापीठानं तो सांभाळणाऱ्या माणसांना कायमची नोकरी द्यायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्यातले कितीतरी जण मुला-मुलींकडे अमेरिकेला जातात आणि विद्यापीठाचा परिसर हौसेनं पाहून येतात. पुढच्या खेपेला तिथल्या संग्रहालयातही जा. बऱ्याच ठिकाणी आधी वेळ ठरवली तर पेटीतली छापचित्रं अभ्यासिकेच्या टेबलावर काढून दाखवतात. लॅटिनेक्स कलावंतांची चित्रं आवर्जून मागा, आणि ती घेऊन येणाऱ्या तरुण मुलीशी थोडा वेळ बोला.