‘नॉर्मल’ या शब्दाचे गणित

रक्ततपासणीचा अहवाल घेऊनच आज अनेक रुग्ण वैद्यांसमोर बसतात. त्यातील ठळक छापलेला एखादा आकडा त्यांची झोप उडवितो. त्या आकड्याशेजारील संदर्भमर्यादा कशी ठरते, हे वैद्याने जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बेल्जियन शास्त्रज्ञ केटले यांनी १८४६ साली ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सरासरी सुमारे ३९.८ इंच होती. बहुतेक सैनिक तिच्या आसपास होते आणि दोन्ही टोकांकडे संख्या सारखीच घटत गेली. घंटेच्या आकाराचे हे वितरण म्हणजे प्रसामान्य वितरण. सरासरीभोवतीच्या विखुरणीचे माप म्हणजे प्रमाण विचलन. येथे ते सुमारे २ इंच होते. अशा वितरणात सरासरीच्या दोन्ही बाजूंस एका प्रमाण विचलनाच्या आत ६८ टक्के, दोहोंच्या आत ९५ टक्के आणि तिहींच्या आत ९९.७ टक्के व्यक्ती येतात.

संदर्भमर्यादा बहुधा निरोगी व्यक्तींमधील मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजेच पाच टक्के निरोगी माणसे तिच्याबाहेर राहणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्यास निरोगी व्यक्तीचा निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के! मधुमेहासाठी उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम ही मर्यादा मात्र उपद्रवांच्या धोक्यावरून ठरलेली आहे. तिला हा न्याय लागू नाही.

शिवाय सर्वच जैविक मापे प्रसामान्य नसतात. ट्रायग्लिसराइडचे वितरण उजवीकडे लांबलेले असते. समजा, एखाद्या शोधनिबंधात त्याची सरासरी १८० आणि प्रमाण विचलन १२० दिले आहे. दोन विचलने वजा केल्यास उणे ६० उरतात. रक्तात उणे ट्रायग्लिसराइड कसे असेल? अशा वेळी मध्यक द्यावा किंवा आकड्यांचे लॉगॅरिदम घेऊन विश्लेषण करावे. आपल्या संशोधनाची विश्वासार्हता अशा तपशिलांवरच अवलंबून असते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील प्रमाणपरीक्षेत शरीराची मापे ज्याच्या त्याच्या अंगुलीने घ्यावयाची असतात. हा दृष्टिकोन अहवाल वाचतानाही उपयोगी पडतो. पुरुषाचे हिमोग्लोबिन १६ वरून १३.५ वर आले, तर ते मर्यादेत असूनही रक्तस्राव कोठे होत आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. छापील मर्यादा समूहाची असते. समोरच्या रुग्णाचे जुने अहवाल मागून घ्यावेत आणि मगच मत द्यावे.