यंत्रास कागदाचा पत्ता सांगतांना

ज्या घरांत तीन-चार पिढ्यांचे कागद एकत्र नांदतात, त्या घरांत कागद असणें आणि कागद सांपडणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत सुमारें ३५,००० रुमाल आहेत. कोणत्या रुमालांत काय आहे हें सांगणारी यादी नसती, तर त्यांतील एखादें पत्र शोधण्यांतच संशोधकाचें आयुष्य सरलें असतें.

आतां घरोघरचे कागद छायाप्रतींच्या रूपानें संगणकांत जाऊन बसले आहेत, आणि ते शोधून देण्यासाठीं कृत्रिम बुद्धीचा मदतनीस, ज्यास एजंट म्हणतात तो, आपल्या दारीं आला आहे. त्याला साध्या मराठींत विचारावें आणि त्यानें नेमक्या फाईलीची लिंक हातीं द्यावी, अशी ही सोय. परंतु हा एजंट स्वतः कपाट उघडीत नाहीं. त्याला कांहीं साधनें, म्हणजे टूल्स, दिलेलीं असतात. प्रत्येक साधनास एक नांव, एक वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची त्याची यादी जोडलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रोपिक कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ह्या संकेतांतहि हीच रीत आहे. कोणतें साधन केव्हां वापरावें हें एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवितो. साधनाच्या पोटांत काय चालतें तें सहसा त्यास दिसत नाहीं. म्हणून वर्णन चुकलें कीं शोध चुकलाच म्हणून समजावें.

आमच्या मराठवाड्यांत ही अडचण दुप्पट होते. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होता, त्यानंतर उस्मानाबादेंत गेला, आणि १९८२ पासून तो लातुरांत आहे. शिवाय त्या उस्मानाबादचेंहि नांव आतां धाराशिव झालें आहे. निजामी अमदानींतील कागदावर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे साधारणतः इसवी सन येतो, म्हणजे १३५७ फसली हें १९४७-४८ साल होय. सेतवार, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, फेरफार आणि सातबारा हे सगळे जमिनीचेच कागद. पण एकाचें काम दुसऱ्यानें भागत नाहीं. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां उर्दू व मोडी दप्तरांतील एका ओळीवर माणसाचें केवढें हित अवलंबून असूं शकतें, हें सर्वांच्या प्रत्ययास आलें.

समजा, नांदेडच्या एका कुटुंबानें आपल्या कागदांसाठीं असें साधन करविलें आणि त्याचें वर्णन एवढेंच लिहिलें: “फाईल आणतें.” कोणती फाईल? लिंक आणतें कीं मजकूर? एजंटास ह्यांतील कांहींच कळणार नाहीं, आणि वांटणीपत्र मागितलें असतां तो विजेचें बिलहि पुढें करील. त्याऐवजीं असें लिहावें: “घरच्या दप्तरांतील जमिनीच्या एका कागदाची लिंक देतें. कागदांतील मजकूर वाचून दाखवीत नाहीं. त्यासाठीं निराळें साधन आहे. लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद वगैरेंसाठीं हें वापरूं नये. गांव, तालुका आणि कागदाचा प्रकार हीं तिन्ही द्यावींत. जिल्हा कागदावर आहे तोच द्यावा, आजचा नव्हे. साल इसवी सनांत द्यावें. फसली असल्यास आधीं बदलून घ्यावें. एकाहून अधिक कागद जुळल्यास त्यांची यादी येईल. त्यांतील कोणता हवा तें मालकास विचारावें.” एवढ्या आठ-दहा ओळींनीं निम्मे घोटाळे टळतात.

आणखी तीन गोष्टी वर्णनांत अवश्य असाव्यात. पहिली, कागद न सांपडल्यास काय करावें ही. ह्या यंत्रांस एक खोड आहे: उत्तर नसलें कीं तीं खऱ्यासारखें दिसणारें उत्तर रचतात, आणि त्यांत लिंकहि आली. म्हणून “न सांपडल्यास तसें स्पष्ट सांगावें, लिंक स्वतः रचूं नये” हें वाक्य गाळूं नये. दुसरी, लिंकेचें आयुष्य. कांहीं लिंका ठराविक वेळानें निकामी होतात. ती मुदत सांगितली नाहीं, तर वकिलाकडे पाठविलेली लिंक ऐन तारखेच्या दिवशीं उघडत नाहीं. तिसरी, अधिकार. जी लिंक कोणासहि उघडतां येते ती परक्याच्या हातीं गेली म्हणजे घरचें मृत्युपत्रहि गेलें. कुलूप साधनांतच असावयास हवें हें खरें; पण तें कोणासाठीं उघडतें हें वर्णनांतहि असावें.

हें लिहावयाचें कोणीं? संगणक जाणणारा पुतण्या बहुधा पुण्यास किंवा परदेशांत असतो; त्याला यंत्र कळतें, पण “खालचें शेत” म्हणजे कोणता गट, आणि आजोबांच्या नांवावरचा कोणता कागद कोणत्या वांटणीचा, हें ठाऊक असतें तें घरांतील थोरल्या काकांना अथवा आत्याबाईंना. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें गेलेलें असतें. त्यांच्यामागें कागद राहतील, पण कागदांची ओळख राहणार नाहीं. ती ओळख जिच्यांत टिकून राहील अशी जागा म्हणजे हें वर्णन आणि फाईलींचीं नांवें.

डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले; वाचकाचा वेळ वांचवावा हा त्यांतला चौथा. यंत्रासाठीं लिहावयाचें वर्णनहि ह्याच कसोटीला लावावें. तें लिहून झाल्यावर घरांतील अशा एखाद्या माणसास वाचावयास द्यावें, कीं ज्यानें हे कागद कधींच पाहिले नाहींत. त्यास काय मागावें, कसें मागावें आणि काय मिळेल हें कळलें, तर यंत्रासहि तें कळण्याचा पुष्कळ संभव आहे. येत्या सुटींत सारीं मंडळी एकत्र जमतील, तेव्हां थोरल्यांनीं सांगावें आणि धाकट्यांनीं टिपून घ्यावें. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं.