छांदिष्ट समूहांची संक्षेपभाषा : हौशी रेडिओचे उदाहरण

एखाद्या छंदाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या समूहाची भाषा बाहेरच्या व्यक्तीस दुर्बोध वाटते. आणि ती दुर्बोध आहे, म्हणजे ती मुद्दाम गुप्त राखलेली असावी, असा निष्कर्षही सहज काढला जातो. भाषेच्या सामाजिक अभ्यासात मात्र गुप्तभाषा आणि समूहबोली यांत भेद करावा लागतो. ‘हॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी रेडिओचालकांचे संक्षेप या दृष्टीने उद्बोधक आहेत.

या संक्षेपांचे मूळ काटकसरीत आहे. मोर्स पद्धतीत प्रत्येक अक्षर बिंदू व रेषा यांच्या रूपाने पाठवावे लागत असल्याने शब्दलाघव ही गरजच होती. १९१२ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘क्यू’ने आरंभ होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांची यादी स्वीकारण्यात आली. त्यांतील प्रत्येक संकेत हे एक पूर्ण वाक्य होते. ‘क्यूटीएच’ म्हणजे ‘माझे ठिकाण अमुक आहे’, ‘क्यूएसएल’ म्हणजे ‘पोच देत आहे’. पुढे प्रश्नचिन्ह जोडताच त्याच विधानाचा प्रश्न होई. त्यामुळे परस्परांची भाषा न जाणणारे दोन चालकही आवश्यक तेवढा व्यवहार करू शकत.

हौशी चालकांनी हे संकेत आपलेसे केले आणि त्यांचे व्याकरणच पालटले. वाक्याचे नाम झाले. ‘क्यूटीएच’ म्हणजे राहण्याचे ठिकाण, तर ‘क्यूएसएल’ म्हणजे संपर्क झाल्याची साक्ष म्हणून पाठविले जाणारे सचित्र कार्ड, असे अर्थ रूढ झाले. सूत्ररूप संकेताचे जिवंत शब्दात झालेले हे रूपांतर भाषिक परिवर्तनाचा एक स्पष्ट नमुना होय.

निरोपादाखल वापरला जाणारा ‘७३’ हा अंक याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी तारयंत्रचालकांकडून आलेल्या या अंकाचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा आहे. मोर्समध्ये तो थोडक्यात पाठविता येतो. परंतु प्रत्यक्ष बोलताना तो उच्चारण्याने काहीच वाचत नाही. तरीही ध्वनिसंभाषणात तो टिकून आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर परवान्यासाठी मोर्सची परीक्षा आंतरराष्ट्रीय पातळीवर अनिवार्य उरली नाही. तरी ‘७३’ गेला नाही. काटकसरीचे कारण संपले, आपलेपणाची खूण उरली. मराठी पत्रव्यवहारातील ‘सा. न. वि. वि.’ या मायन्याची गोष्ट वेगळी नाही. तो वाचताना ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे शब्द क्वचितच मनात उमटतात. जाणवते ती रीत.

गुप्तभाषेचा हेतू याच्या उलट असतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. तेथे किल्ली पंथाबाहेर जाऊ नये, हाच संकेताचा परिणाम होता, आणि म्हणूनच ते वाङ्मय दीर्घकाळ अभ्यासकांपासून दूर राहिले. हौशी रेडिओत मात्र निरनिराळ्या देशांतील केंद्रांमधील संदेशांचा अर्थ दडविण्यासाठी संकेत वापरण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे. येथील संकेतांची किल्ली छापील स्वरूपात कोणासही उपलब्ध असते.

तथापि उघडी किल्ली म्हणजे सर्वांना समान प्रवेश नव्हे. या बोलीत कोणत्याही वयाचा पुरुष चालक ‘ओएम’, म्हणजे ‘ओल्ड मॅन’ ठरतो. कोणत्याही वयाची स्त्री ‘वायएल’, म्हणजे ‘यंग लेडी’. आणि पत्नी ‘एक्सवायएल’, म्हणजे पूर्वाश्रमीची ‘यंग लेडी’. स्त्रीची ओळख विवाहाने पालटते, पुरुषाची पालटत नाही. समूह घडला तेव्हा सभासद म्हणून कोण गृहीत धरले गेले होते, हे या तीन संक्षेपांत नोंदले गेले आहे.

तात्पर्य, संक्षेपांना भाषेची विकृती ठरविणे जितके अपुरे, तितकेच त्यांना केवळ सोय मानणेही अपुरे आहे. संक्षेपाची किल्ली नवागतास मिळते काय, आणि ती हाती आल्यावर त्याला, वा तिला, त्या भाषेत कोणते स्थान लाभते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही समूहबोलीचे मूल्यमापन पुरे होत नाही.