झेंडू थोरला, झेंडू धाकटा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ज्याचे ढीग लागतात, तो गच्च पाकळ्यांचा गोंडा म्हणजे आफ्रिकन झेंडू, टॅजेटिस इरेक्टा. बागेच्या कडेला वीत-दीड वीत वाढणारा, लालसर तपकिरी मखमली पाकळ्यांचा बुटका म्हणजे फ्रेंच झेंडू, टॅजेटिस पॅट्युला. नावे फसवी आहेत. दोघेही मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणासाठी थडगी सजतात ती या थोरल्या झेंडूनेच.

खरी गंमत पेशींत आहे. थोराड आफ्रिकन झेंडूत गुणसूत्रे 24, तर बुटक्या फ्रेंच झेंडूत 48! गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले की झाड सहसा दांडगे होते. इथे मात्र उलटे घडले. आफ्रिकन झेंडू आणि बारीक फुलांची टॅजेटिस टेन्युइफोलिया ही दुसरी जात यांच्या संकरातून, पुढे गुणसूत्रे दुप्पट होऊन, फ्रेंच झेंडू जन्मला असे मानतात. म्हणजे थोरला हा धाकट्याचा एक पालकच ठरतो.

या दोघांचा संकर केला तर रोपात 36 गुणसूत्रे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच येतात. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. आणि बी धरण्यात ताकद खर्च होत नसल्याने असे झाड फुलतच राहते.

शेतातही दोघांची कामे वेगळी. टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस आहे. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूकडे ओढली जाऊन तिथे अंडी घालते. फ्रेंच झेंडूचा पराक्रम जमिनीखाली चालतो. त्याच्या मुळांतले अल्फा-टरथायनिल हे रसायन सूत्रकृमींना मारक ठरते. पण चार रोपे कोपऱ्यात खोचून हा लाभ मिळत नाही. मुख्य पिकाआधी त्या जमिनीत दाट झेंडू घ्यावा लागतो. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळून अंड्याचा बलक गडद करणारे ल्युटीन मात्र थोरल्याच्याच नारिंगी पाकळ्यांतून काढतात.

हार-तोरणाला आफ्रिकनच हवा, यात वाद नाही. पावसाळ्यात मात्र त्याचे गोंडे पाणी धरून सडतात, तिथे फ्रेंच तग धरतो. गॅलरीतल्या कुंडीसाठी निवड करायची असेल, तर बुटका फ्रेंच झेंडूच लावा.