टाळी उशिरा पोचते

मिस्त्रींनी टेपचा नवा पट्टा चढवला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून एकसारखा, न थकणारा सूर वर आला आणि उमरीतल्या आमच्या ओसरीवर 1984 साल सुरू झालं.

कॅसेट ‘क्वीन’ या इंग्लिश बँडची. अल्बमचं नाव ‘द वर्क्स’. शिकायला हैदराबादला होतो तेव्हा आबिद्सच्या फुटपाथवर रविवारच्या जुन्या बाजारात ती मिळाली होती. पुढे कित्येक वर्षं ती ट्रंकेत पडून राहिली. या दिवाळीत ट्रंक उघडली, आणि ही कॅसेट एकट्यानं ऐकायची नाही असं ठरवलं. म्हणून चौघांना बोलावलं. टेप दुरुस्त करणारे मिस्त्री, निवृत्त गुरुजी, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आबा आणि इंजिनिअरिंगला असलेली माझी पुतणी. प्रत्येकाच्या हातात वही दिली. प्रत्येक गाण्याला 10 पैकी गुण द्यायचे, आणि बाजू संपेपर्यंत एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही.

बटण दाबायच्या आधीच मिस्त्रींनी आम्हाला पहिला धक्का दिला. फीत नखावर धरून ते म्हणाले, “हा तपकिरी रंग कशाचा माहीत आहे का? गंजाचा.” खरंच आहे ते. साध्या कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिबारीक कण चिकटवलेले असतात. पत्र्यावर चढतो त्या गंजाच्याच कुळातला तो पदार्थ. आवाजाची वीज हेडमधून वाहते, तिच्या चढउताराबरोबर हेडचं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि समोरून सरकणारा प्रत्येक कण ते चुंबकत्व धरून ठेवतो. पुन्हा फीत फिरवली की त्या कणांपासून वीज आणि विजेपासून आवाज. फीत सेकंदाला फक्त 4.76 सेंटिमीटर सरकते. म्हणजे या अल्बमची एक बाजू जेमतेम 50 मीटर फितीवर मावली आहे. चार माणसांची काही महिन्यांची मेहनत, 50 मीटर गंजावर!

क्वीनमधल्या त्या चौघांतल्या एकाची संगीताची गोष्ट आपल्या मातीत सुरू होते. गायक फ्रेडी मर्क्युरीचं जन्मनाव फारुख बलसारा. झांझिबारमधल्या पारशी घरात 1946 साली जन्मलेलं हे पोर आठेक वर्षांचं असताना शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आलं. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगा सातारा जिल्ह्यातल्या पठारावरच्या वसतिगृहात. पियानो तो तिथे शिकला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच पडलं. शाळेतल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. ज्याच्या गळ्यानं पुढे सगळं जग थरारलं, तो पाचगणीच्या स्टेजवर बाजूला बसून साथ करत होता. हे ऐकून आबा नुसते हसले. साथीदाराला हा प्रकार नवा नसतो.

पहिली बाजू सुरू झाली. पहिलं गाणं ‘रेडिओ गा गा’, ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरनं लिहिलेलं. त्याच्या लहानग्या मुलानं रेडिओ ऐकून काहीतरी बोबडं बडबडलं, त्यातून शब्द सुचले. टीव्ही आला आणि चित्रांच्या गर्दीत रेडिओ मागे पडला, त्या रेडिओला प्रेमानं मारलेली ही हाक आहे. गुरुजी इथे वही खाली ठेवून बोलायला लागले. गाणं 1984 च्या सुरुवातीला आलं, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झालं. लंडनमध्ये रेडिओसाठी जीव हळहळत होता, तेव्हा आपल्याकडे छपरांवर अँटेना चढायला लागल्या होत्या. ‘बिनाका गीतमाला’साठी रेडिओला कान लावून बसलेली, परभणी आकाशवाणी लावून शेतात कामाला जाणारी पिढी त्याच वर्षांत पडद्याकडे वळली. गाण्याची भाषा परकी होती, पण त्यातली हळहळ आपल्या अंगणातही तेव्हाच उतरली होती.

पुतणीचं लक्ष दुसरीकडेच होतं. “काका, हा खालचा सूर माणूस वाजवत नाही.” बरोबर होतं तिचं. तो एकसारखा धावणारा सूर सिंथेसायझरचा आहे. त्यात अशी सोय असते की दोनतीन पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या आणि यंत्र ते सूर एकामागून एक, ठरल्या गतीनं, न चुकता वाजवत राहतं. जात्यात दाणे टाकावेत आणि जातं आपोआप फिरावं तसं. वर माणसाचा गळा आणि खाली यंत्राची अखंड चाल. रेडिओचं गाणं यंत्राच्या खांद्यावर बसवण्यात केवढी कल्पकता आहे!

तिसरं गाणं ‘इट्स अ हार्ड लाइफ’ लागलं आणि आबा ताठ बसले. “काय बाप्पा, हे तर नाट्यपदासारखं वाटायलंय!” आबांचा कान पक्का. गाण्याची सुरुवात लिओनकावालो या इटालियन संगीतकाराच्या ‘पाल्याची’ या 1892 च्या ऑपेरातल्या एका पदावरून घेतलेली आहे. त्या पदात बायकोनं दगा दिलेला विदूषक रडू गिळत तोंडाला रंग फासतो, कारण खेळ तर करावाच लागणार. आमच्या आबांनी फडावरचे सोंगाडे पाहिलेत. घरात काहीही घडो, पडदा उघडला की हसवावं लागतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वहीत 9 लिहिले. आम्ही डोकावलोच.

फ्रेडीच्या गळ्याबद्दल इथे सांगायलाच हवं. 2016 मध्ये काही संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि गाणी मोजून पाहिली. त्याच्या बोलण्याचा सूर सुमारे 117 हर्ट्झवर निघाला, म्हणजे स्वभावतः तो मध्यम, थोडा खर्जाकडे झुकलेला पुरुषी आवाज. गाताना मात्र तो तारसप्तकात सहज हिंडायचा. त्याचं आंदोलन, म्हणजे लांबवलेल्या सुराची थरथर, सेकंदाला सुमारे सात निघाली. ऑपेरातले गायक साधारणपणे पाच-सहावर असतात. शिवाय त्याची थरथर एकसारखी नव्हती, सतत बदलती होती. आपल्याला वाटतं तो भावनेनं कापतोय. गळ्यातले स्नायू खरोखरच इतक्या वेगानं हलत होते.

या बाजूचं शेवटचं गाणं ‘मॅन ऑन द प्राउल’. मला ते फिकं वाटलं. याच बँडनं असलं जुन्या रॉक अँड रोलच्या थाटाचं गाणं आधी याहून चांगलं केलेलं आहे. आम्हा पाचांपैकी कुणीच त्याला पाचाच्या वर गुण दिले नाहीत.

चहा झाला आणि कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं यंत्र आणि माणूस यांच्या झटापटीचं. ते कल्पनेत मोठं आणि कानाला रुक्ष आहे, असं माझं मत. पुतणीनं मात्र त्याला 7 दिले. मग लागलं ‘आय वॉन्ट टु ब्रेक फ्री’. हे बँडमधल्या सगळ्यात अबोल माणसानं, बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकननं लिहिलं. मधल्या तुकड्यात गिटार रडतं तसा लांबलचक सूर येतो. मी इतकी वर्षं तो गिटारच समजत होतो. तो गिटार नाहीच. फ्रेड मँडेल या साथीदारानं सिंथेसायझरवर वाजवलेला तो तुकडा आहे. सूर खेचून वर नेणं, सोडताना हळूच खाली आणणं, सगळं त्या यंत्रावरच. मिस्त्रींनी तो तुकडा तीनदा मागे नेऊन ऐकला.

या गाण्याच्या चित्रफितीत चौघंही बायकांचे कपडे घालून वावरतात. फ्रेडी तर मिशांसकट घर साफ करतो. ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय मालिकेची ती गंमत होती. अमेरिकेत पुष्कळांना ती रुचली नाही. गुरुजींना याचं फार नवल वाटलं. “ज्या मुलखानं बालगंधर्व डोक्यावर घेतले त्याला यात काय वावगं वाटणार?” ते म्हणाले. चारच वर्षांनी, 1988 मध्ये, आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’त लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडी नेसून आले आणि अख्खा महाराष्ट्र हसला. पण गाण्याचा गाभा मोकळं होण्याचा आहे, आणि तो गमतीखाली दबत नाही. 1948 साली निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी ज्या उमरीतल्या बँकेवर धाड घातली, त्या गावात बसून हे गाणं ऐकताना गुरुजींनी 10 दिले. त्यांच्या घरात ती आठवण वडलांपासून आलेली आहे.

‘हॅमर टु फॉल’ सुरू झालं आणि गिटार खऱ्या अर्थानं कडाडलं. अणुयुद्धाच्या सावलीत वाढलेल्या पिढीचं हे गाणं लिहिलं ब्रायन मेनं. त्याच्या गिटारची हकिगत ऐकून मिस्त्रींचे डोळे चमकले. दुकानातली गिटार परवडेना, म्हणून 1963 च्या सुमारास हा पोरगा आणि त्याचे वडील घरीच गिटार करायला बसले. मानेसाठी शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. सूर वाकवणाऱ्या दांडीला मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आणि तारा छेडायला सहा पेनीचं नाणं. ती गिटार अजून वाजते. मोठा झाल्यावर हाच माणूस 2007 मध्ये अवकाशातल्या धुळीवर पीएच.डी. झाला. जॉन डीकननं तर कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून एक छोटा अँप्लिफायर बनवला, आणि ब्रायननं तो वर्षानुवर्षं वापरला. मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे आपल्याच जातकुळीतली माणसं.” मोडलेल्या चार रेडिओंतून एक चालता रेडिओ उभा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांचेही 10.

अल्बम संपला तो फक्त गिटार आणि गळ्याच्या गाण्यावर. आफ्रिकेतली उपासमार पाहून लिहिलेलं. संपल्यावर कुणी काही बोललं नाही.

आता वह्या उघडल्या. ‘रेडिओ गा गा’ला मी 9 दिले होते, गुरुजींनी 6. हळहळ मान्य, पण चाल एकसुरी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी 13 जुलै 1985 ची चित्रफीत दाखवली. लंडनचं वेम्बली मैदान, दुष्काळग्रस्तांसाठीचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम, समोर सुमारे 72,000 माणसं. गाण्याच्या ओळी संपल्या की सगळे हात डोक्यावर जातात आणि दोनदा टाळी पडते. पण नीट पाहिलं तर हात एकदम जात नाहीत. स्टेजजवळचे आधी, मागचे नंतर. वारा सुटल्यावर ज्वारीच्या रानात लाट जावी तशी टाळी मागे मागे सरकते.

“हे लोक चुकायलेत की काय?” पुतणीनं विचारलं. आबा म्हणाले, “चुकत नाहीत पोरी. आवाज उशिरा पोचतो. लांबलचक दिंडीत आम्ही कानानं ताल धरला तर मागचे घसरतात. पुढच्याच्या हाताकडं बघावं लागतं.”

हिशेब केला. आवाज हवेत सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. स्टेजपासून 100 मीटरवरच्या माणसाला ठोका 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे. म्हणजे मागच्या माणसाची टाळी अर्ध्याहून जास्त ठोका मागे. तरी त्या माणसाला ती अगदी जागेवर वाटते, कारण त्याच्यापर्यंत गाणंही तितकंच मागे पोचलेलं असतं. प्रत्येक जण आपापल्या जागी तालात, आणि सगळे मिळून एक लाट.

गुरुजी म्हणाले, “डोळ्यानं बघितल्याशिवाय मी मानणार नाही.”

उन्हं कलली होती. सोयाबीन निघालेलं, हरभरा अजून पेरायचा होता, रान मोकळं पडलेलं. पुतणी टाळ घेऊन बांधाबांधानं निघाली आणि दोनशे तीस पावलं मोजून उभी राहिली, सुमारे 170 मीटरवर. तिनं हात वर नेले आणि टाळ आपटले. हात मिटलेले दिसले. आवाज नाही. मग, हात पुन्हा उघडताना, बारीक पण स्वच्छ किणकिण आली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. डोळ्यांनी आता पाहिलेलं कानांना अर्ध्या सेकंदानंतर मिळत होतं, आणि त्या अर्ध्या सेकंदात अख्खं रान ओलांडून एक थरथर आमच्याकडे चालत येत होती.

गुरुजी बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनी वही काढली, मांडीवर टेकवली आणि पहिल्या गाण्यापुढचा 6 खोडून तिथे 9 लिहिला.